तारामतीची माणसं

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळी हवा गार. नऊला खालच्या मजल्यावरची तारामती आली. तिचा फोन बादलीत पडला, सगळे नंबर गेले. जामनगरच्या हंसाबेनचा नंबर मागत होती. सापडत नाही म्हणून सांगितलं. दुपारी मेथी निवडली.

नंबर सापडत होता. माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर, माझ्याच अक्षरात होता. मी दिला नाही.

तारामती हैदराबादला आमच्या नल्लकुंट्याच्या इमारतीत वीस वर्षं राहते. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. नवरा लवकर गेला. सुलतान बाजारात एका साडीच्या दुकानापुढे मशीन मांडून तिने तीस वर्षं फॉल लावले, मुलगा विकी शिकवला. तो आता कुकटपल्लीला राहतो. साठी झाल्यावर तिने मशीन भाचीला देऊन टाकलं आणि एकटी फिरायला लागली. पहिल्यांदा नागपूरला दीक्षाभूमीला. मग सांची, मदुराई, नुसता समुद्र बघायला द्वारका.

पिशवीत सुया आणि सहा रंगांचे दोरे. गाडीत कुणाची किनार दाराच्या पायरीत अडकून उसवते, कुणाचा हूक तुटतो. तारामती तिथेच, अंगावरच्या अंगावर शिवून देते. अंगावरचं शिवताना दाताखाली दोरा धरायचा, नाहीतर वाईट, असं ती पक्कं मानते. त्यामुळे समोरची बाई तोंड मिटून बसते आणि दहा मिनिटं एकटी तारामती बोलते. दोरा सुटला की ती बाई डबा उघडते.

परत आली की माझ्याकडे येणार. तिला लिहायला वेळ लागतो. "घ्या वहिनी लिहून," म्हणून पलंगाच्या कडेला बसणार. मी नाव, गाव, नंबर आणि काय शिवलं तेही लिहिते. 'हंसाबेन, जामनगर, निळ्या साडीची किनार.' सात वर्षांत सत्तेचाळीस नावं झाली. त्याच वहीत माझ्या माणसांचंही पान आहे. त्यात गेलेल्यांच्या नावांवरच्या आडव्या रेघा जास्त आहेत.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, चार भाषा मला येतात. पण यजमानांच्या, नरहररावांच्या, हयातीत तिकीट त्यांनी काढलं, हमाल त्यांनी ठरवला, सहप्रवाशांशी तेच बोलले. त्यांच्यामागे एकदाच एकटी पुण्याला मकरंदकडे, पुतण्याकडे, गेले. समोरच्या बाईने विचारलं, "एकट्याच?" मी "हो" म्हटलं आणि पुस्तक उघडलं. दौंड आलं तरी पान तेच होतं.

आता हंसाबेनच्या नातीचं लग्न. गाडी राजकोटपर्यंतच जाते, म्हणून ते लोक तारामतीला न्यायला तिथे स्टेशनवर येणार होते. हे तिने मला इतक्या आनंदाने सांगितलं की मला ते सहन झालं नाही. सत्तेचाळीसमधली एकही बाई मला ओळखत नव्हती. तो नंबर न मिळाल्याने ती गेली नाही, तर लग्नाच्या दिवशी, दोन डिसेंबरला, ती माझ्याकडे चहाला बसेल, असा हिशेब मी केला होता.

बुधवारी ती पुन्हा आली.

"मिळाला का हो वहिनी?"

"नाही गं. कुठल्या वहीत आहे, कळेना."

ती हसली. "तुमच्याकडून हरवलं? माझ्या नळाची तोटी कोणत्या साली बदलली ते तारखेसकट सांगता तुम्ही!"

"वय झालं आता."

"हौ, ते झालंच." ती दाराकडे वळली. "राहू द्या. सोमवारची गाडी आहे, मी निघते. राजकोटहून जामनगरला जाऊन विचारीन."

"अगं, एवढ्या मोठ्या गावात कुणाला विचारशील?"

"कुणालाबी. लग्नघर लपतं होय? अन् नाहीच सापडलं तर दुसरं कुणीतरी भेटल की."

म्हणजे माझ्या खोट्याने तिचं काहीच अडलं नाही. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

गुरुवारी सकाळी मी स्वतःच हंसाबेनला फोन लावला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. कदाचित तो आवाज ऐकायचा होता.

"मैं हैदराबाद से, तारामती की पड़ोसन."

"वो लिखनेवाली भाभी?" पलीकडून एकदम ओरडाच. "अरे सुनो, तारा की भाभी का फ़ोन! मेरी साड़ी भी लिखी है ना आपने? नीली?"

"लिखी है."

"तो आप भी आ रही हैं ना साथ में? वो तो बोली थी, पूछूँगी."

मी तब्येतीचं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. तारामतीने मला विचारलं नव्हतं. विचारायला ती मंगळवारी आलीच असेल, आणि मी आधी तिला नंबर नाही म्हणून बसले.

नंबर चिठ्ठीवर लिहून खाली गेले. ती बॅग भरत होती.

"सापडला?"

"होता तिथेच होता. मंगळवारीही होता."

तिने चिठ्ठी घेतली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. वर न बघता म्हणाली, "मला वाटलंच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमची वही." बॅगेत साडी ठेवत, "चलता का वहिनी? खालचा बर्थ देतात आपल्याला."

"गुडघे..."

"गुडघे बसूनच जातेत गाडीत."

मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तिने पुन्हा विचारावं असं मला फार वाटत होतं. तिने हिरव्या दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकलं आणि चेन ओढली.

संध्याकाळी वहीत लिहिलं: तारामतीचं अर्धा लिटर दूध सोमवारपासून दोन आठवडे बंद. दूधवाल्याला सांगितलं.