गाडीचं अजीर्ण

झेनोबियो वाराची बायकोपेक्षा ट्रकशी जास्त बोलायचा. त्यात नवल नव्हतं. ट्रक उलटून बोलत नसे. निकोलासा बोले, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असे. नवऱ्याला याहून मोठा जाच दुसरा नाही.

त्यांचं गाव काराकोयो, ओरुरोच्या पठारावर, जिथे वारा कधी सुट्टी घेत नाही. तिथून बटाटे, लोकर आणि मेंढ्या शहराच्या बाजाराला न्यायच्या, येताना साखर, सिमेंट, कुणाची तरी आजी, जे मिळेल ते आणायचं, हा झेनोबियोचा धंदा. निकोलासा शेजारच्या सीटवर. लग्न झालं त्या आठवड्यापासून ती सीट तिची. भाव तीच करी, कारण भाव करताना झेनोबियोला समोरच्याची दया येई, आणि दयाळू माणसाने बाजारात तोंड उघडू नये.

ट्रक जपानी, चिलीच्या बंदरातून म्हातारा होऊनच आलेला. इकडच्या रिवाजाप्रमाणे त्याचं स्टीअरिंग उजवीकडून उपटून डावीकडे बसवलेलं आणि हीटरचा पंखा त्याची जागा करून देण्यासाठी उजवीकडे, निकोलासाच्या पायांपाशी नेलेला. एवढी कापाकापी झालेला माणूस उठून बसला नसता. ट्रक मात्र वर्षानुवर्षं धावला.

एकदा कोचाबांबाच्या उतारावर ब्रेक गेले. ट्रक किंचाळत खाली निघाला आणि वळणावरच्या मातीच्या ढिगात नाक खुपसून थांबला. ढिगाच्या पलीकडे दरी. निकोलासाने डोक्यावरची गोल टोपी सरळ केली आणि विचारलं, "उतरू का, की अजून खेळायचंय?" झेनोबियोला त्या क्षणी तिला काहीतरी सांगायचं होतं. शेवटी जे सांगायचं ते त्याने चाल्ल्याच्या दिवशी ट्रकला सांगितलं.

चाल्ला म्हणजे कार्निव्हलच्या मंगळवारी, ज्याच्या जिवावर आपण जगतो त्या सगळ्याला, घराला, शेताला, गाडीला, पाजायचं आणि नटवायचं, आणि धरणीमायला, पाचामामाला, तिचा वाटा द्यायचा. चारी चाकांवर थोडी बिअर, इंजिनला एक घोट कडक दारू, आरशांना पताका, वरून पाकळ्या आणि मिस्तुरा, म्हणजे रंगीत कागदाच्या बारीक टिकल्या. शहाणी माणसं एवढ्यावर थांबतात. उतारावरच्या त्या प्रसंगानंतर झेनोबियो थांबेनासा झाला. बॉनेटवर चढून तो समोरच्या काचेवर बाटल्याच्या बाटल्या ओती, मुठीमुठीने मिस्तुरा उधळी, कोकाची पानं आणि साखरेच्या गोळ्या टाकी.

"पुरे रे," निकोलासा दारातून ओरडे. "गाडीला अजीर्ण करशील!"

"तुला काय कळतंय? तिला आवडतं."

"कुणाला? धरणीमायला, की कोपऱ्यावरच्या बिअरवालीला?"

मग काही वर्षांनी एका हिवाळ्यात हीटरचा पंखा कण्हू लागला. आधी नुसता आवाज. मग चार स्पीडपैकी चौथ्यावरसुद्धा उशीखालून श्वास घ्यावा तशी फुंकर. पठारावर हीटर नसलेला ट्रक म्हणजे चालती बर्फपेटी, काचेवर आतूनही हिम धरतं. दुसरा कुणी असता तर मिस्त्रीकडे गेला असता. झेनोबियोने विचार केला की कुठेतरी आपलं चुकलं, धरणीमाय रुसली. तो बॉनेटवर चढला आणि त्याने अवेळीच एक मोठा चाल्ला केला. पुढच्या फेरीला पंखा साफ बंद पडला. म्हणजे रुसवा मोठा! त्याने आणखी मोठा चाल्ला केला.

निकोलासा दोन शाली लपेटून, पायांशी गरम पाण्याची बाटली घेऊन बसत राहिली. सीट सोडायला ती तयार नव्हती. जुलैत, इकडच्या ऐन थंडीत, ती खोकू लागली. खोकला छातीत उतरला आणि तिला ओरुरोच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

मुलगी फेलिसा कोचाबांबाहून आली आणि आईच्या उशाशी बसली. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"पापा, आईला गुरुवारी सोडतायत."

"येतो."

"कशाने? त्या बर्फपेटीतून? डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, गार वारा लागला तर पुन्हा इथेच. मिनीबसच्या अर्ध्या खिडक्या लागत नाहीत, त्यामुळे तेही नको. तुमचा हीटर चालत असेल तर या. नाहीतर मी आईला माझ्याकडे नेते, थंडी सरेपर्यंत."

"तिचं काय म्हणणं?"

"ती म्हणते, माझ्या ट्रकने जाईन. तिचं काय ऐकता!"

थंडी सरेपर्यंत. झेनोबियो फोन हातात धरून बसून राहिला. खाली कोचाबांबाच्या खोऱ्यात गेलेली म्हातारी माणसं त्याने पाहिली होती. तिथे हवा मऊ, पीच स्वस्त, मांडीवर नातवंड. थंडी सरते, मग पाऊस लागतो, मग कुणाचं तरी बारसं निघतं. इकडे घरच्या कोंबड्या विकल्या जातात आणि दाराला कुलूप गंजतं. कोणी ठरवून राहत नाही. राहून जातं.

सकाळी उजाडताच तो ट्रक घेऊन गुमेर्सिंदोच्या दुकानात गेला. गुमेर्सिंदो गावातला गाड्यांचा वायरमन आणि फेलिसाचा धर्मबाप. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, निकोलासाला तो कोमाद्रे म्हणे, आणि सगळं अहोजाहोत चाले. शिव्यासुद्धा अहोजाहोतच देत.

"चारही स्पीडला गप्प?" गुमेर्सिंदोने विचारलं.

"चारही."

"एकाला जरी फिरला असता तरी स्पीड बदलणारा रेझिस्टर गेला म्हटलं असतं. आता एक तर वीज पोचत नाही, नाही तर पंखाच मेलाय. आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"मी माझ्या परीने केलं."

"काय केलंत?"

झेनोबियोने फ्यूजचा डबा उघडून दिला.

फ्यूज काढला तर जळून काळा. नवा घातला, बटण फिरवलं, टप्! तोही गेला. आणखी एक घातला, तोही गेला.

"जाड तारेचा तुकडा घाला की त्याच्या जागी," झेनोबियो म्हणाला.

"घालतो. मग हीटरची गरजच नाही. ट्रक पेटेल आणि कोमाद्रे निकोलासा शेकत शेकत घरी येतील. अहो, फ्यूज जळतोय म्हणजे पुढे कुणीतरी वीज गिळतंय. त्याला पकडायचं की पहारेकऱ्याला मारायचं?"

गुमेर्सिंदोचा संशय स्टीअरिंगच्या त्या जुन्या कापाकापीवर गेला. तारा उजवीकडून डावीकडे नेताना कुठेतरी सोलली असेल, पत्र्याला टेकत असेल. तो टेस्ट लॅम्प दातात धरून डॅशबोर्डखाली उताणा घुसला आणि दिवसभर तिथेच राहिला. बाहेर आला तो फक्त आपी प्यायला. जांभळ्या मक्याचा हा गरम घाटा प्याला तरच बोटं वळत होती.

"जपान्याने लाल तार दिली, बंदरावरच्याने तिला निळी जोडली, आणि मध्ये ही हिरवी तुमची. कोंपाद्रे, ही तार आहे का मिरवणुकीतला झगा?"

"हिरवीच होती घरात."

"आणि वर ही चिकटपट्टी बुटाची!"

सांधे सोडले, पुन्हा बांधले. फ्यूज घातला. टप्. गुमेर्सिंदोने अशी शिवी दिली की तिच्यातही अहोजाहो उरलं नाही. बुधवारची संध्याकाळ झाली होती. घरी जाऊन झेनोबियोने चुन्यो, म्हणजे हिमात सुकवलेले बटाटे, उकडले आणि ते तसेच ठेवून दिले. निकोलासाची शाल खुंटीवर होती. ती त्याने काढली, घडी केली आणि पुन्हा तशीच टांगली. फेलिसाला फोन करावा का? सांगून टाकावं, घेऊन जा म्हणावं? त्याने फोन उचलला नाही.

गुरुवारी गुमेर्सिंदोच त्याच्या दारात उभा. रात्री त्याच्या डोक्यात साधी गोष्ट शिरली होती, आणि साधी गोष्ट इतक्या उशिरा सुचली म्हणून त्याचा चेहरा आंबट होता. दोघं दुकानात ट्रकपाशी आले. त्याने पंख्याची जोडणीच काढून टाकली आणि मग फ्यूज घालून बटण फिरवलं. फ्यूज टिकला.

"तारा निर्दोष," तो म्हणाला. "गिळणारा पंखाच. जागच्या जागी अडकलाय आणि फिरण्यासाठी नुसता जोर लावतोय. काल दिवसभर मी चांगल्या माणसांना मारत होतो."

निकोलासाच्या रिकाम्या सीटपुढे वाकून त्याने स्क्रू काढले आणि पंख्याचं डबडं ओढलं. ते सहज येईना. दोघांनी ओढलं तेव्हा एकदम सुटलं, आणि दोघांनी आत डोकावलं.

पंख्याची पाती दिसतच नव्हती. डबडं गच्च भरलेलं. वर ताज्या पाकळ्या, खाली गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्या, पताकांचे वळसे, कोकाची पानं, आणि सगळ्याला धरून ठेवणारा साखरेचा आणि बिअरचा काळा चिक्का. गुमेर्सिंदोने स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर थराखाली थर निघाला. तळाशी तर रंगही उडून गेलेले. समोरच्या काचेखाली बाहेरून जाळी असते, पंखा हवा तिथूनच ओढतो. झेनोबियोने जे जे काचेवर वाहिलं, ते ते जाळीतून खाली उतरलं होतं.

गुमेर्सिंदो हसू लागला. हसता हसता पायरीवर बसला. "कोंपाद्रे! सगळं गाव पुण्य वर पाठवतं. तुम्ही ते डब्यात साठवलंत!"

झेनोबियो हसला नाही. त्याने मुठीत तो चिक्का घेतला होता. "मी म्हटलं, ती रुसलीय. म्हणून आणखी ओतलं. आणि निको इथे गारठत बसली होती."

गुमेर्सिंदोचं हसणं थांबलं. तो उठला, त्याने पेट्रोलची बरणी काढली. "रडायचं असेल तर पाती घासता घासता रडा. वेळ नाही."

झेनोबियोने पाती घासली. गुमेर्सिंदोने मोटर उघडली, जळमट काढलं, आतली झिजलेली कार्बनची कांडी टाकून एका भंगार मिनीबसच्या मोटरची बसवली, तेल दिलं. बोटाने फिरवली तर फिरली. पण काढलेल्या त्या ढिगाऱ्याचं काय करायचं? एकदा वाहिलेलं उकिरड्यावर टाकत नाहीत. दोघांनी गुमेर्सिंदोच्या दुकानामागे खड्डा खणला, त्यात ते सगळं ठेवलं, वर कोकाची पानं. झेनोबियोने टोपी काढली.

"माय, हे तुझंच आहे. तुझ्यापर्यंत यायचं होतं, मध्येच अडकलं."

पंखा बसवला. फ्यूज टिकला. इंजिन तापलं तशी आतल्या झरोक्यातून गरम, थोडी बिअरचा वास असलेली हवा आली.

"दोनच्या वर नेऊ नका," गुमेर्सिंदोने बजावलं. "चार म्हणजे म्हाताऱ्याला नाचवणं झालं. आणि यापुढे भक्ती करा, पण जाळीवर गोणपाट टाकून करा!"

इस्पितळाच्या आवारात फेलिसाने आधी ट्रकमध्ये स्वतः बसून पाहिलं, झरोक्यापुढे तळहात धरला, बराच वेळ धरला. बापाकडे पाहिलं. त्याच्या नखांत काळा चिक्का होता, डोळे पेट्रोलने लाल.

"हं," ती म्हणाली. "वाटेत बंद पडला तर?"

"पडला तर तोंडाने फुंकीन."

निकोलासा लोकरीत गुंडाळलेली, निम्मी झालेली, पण टोपी सरळ. कुणाचा हात न घेता ती आपल्या सीटवर चढली. वाटेत ती काही बोलली नाही, आणि झेनोबियोला हीच भीती वाटली. शहर मागे पडलं. मोकळ्या पठारावर वारा आडवा आला, काचेच्या कडेला हिम धरू लागलं.

"हे काय, कुणी कानात फुंकर मारतंय का?" तिने बटणाकडे हात नेला.

"दोनवरच राहू दे! गुमेर म्हणाला..."

"गुमेरला न्यूमोनिया झाला होता का?" तिने बटण थेट चारवर नेलं.

पंखा घुसमटला. एक क्षण अगदी थांबला. झेनोबियोचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग आत कुठेतरी खरखर झाली, आणि फुस्स करून झरोक्यातून टिकल्यांचा फवारा उडाला, गुलाबी, पिवळा, हिरवा. तिच्या टोपीवर, शालीवर, भुवयांत, मांडीवर. मागोमाग गरम हवा आली आणि येतच राहिली. पंखा चारवर मजेत घोंघावत होता.

निकोलासाने ओठावरची टिकली काढून पाहिली. "म्हाताऱ्या, मी मरेपर्यंत तरी थांबायचंस. आत्ताच उधळतोस?"

तेव्हा त्याने सांगितलं. रस्त्याकडे पाहत, न थांबता, जन्मात कधी बोलला नव्हता एवढं. जाळीचं, चिक्क्याचं, रुसव्याचं. आणखी ओतल्याचं. तिच्या खोकल्याचं.

"म्हणजे गाडीला अजीर्णच झालं," ती म्हणाली.

"झालं."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

थोडा रस्ता गेला. "त्या उतारापासून ओततोयस," निकोलासा म्हणाली. "मला काय कळत नाही? मी आपली वाट बघत होते, कधी तरी मलाही काही म्हणशील."

झेनोबियोने ट्रक कडेला घेतला आणि उभा केला. इंजिन चालूच ठेवलं, हीटरसाठी. "त्या दिवशी मला दरीची भीती नव्हती वाटली," तो म्हणाला. "तू शेजारी होतीस, त्याची वाटली. आणि आता फेलिसा तुला नेते म्हणाली तेव्हाही तेवढीच वाटली."

मांडीवरच्या टिकल्या गोळा करून तिने चिमूटभर त्याच्या केसांवर टाकल्या, मानाच्या माणसाला टाकतात तशा.

"चल आता," ती म्हणाली. "पेट्रोल काय फुकट येतं?"

काराकोयोत शिरताना टोपीवरची मिस्तुरा तिने झटकली नव्हती. दुकानापुढे गुमेर्सिंदो उभाच होता. "कोमाद्रे, वाढदिवस की काय?"

"ट्रकचा!" निकोलासा काच न उतरवता आतून ओरडली. "चारवर चालतोय, सांगून ठेवते!"