फाटक उघडं होतं

चिमूरच्या आमच्या गल्लीत आजही कोणाला विचारलं तर तो हेच सांगेल, की कंट्रोलरचा पट्टेरी कुत्रा गादीवाल्या चाचांच्या चुकीनं गेला. चाचांनी फाटकाची कडी लावली नाही, ऐन गायगोधनाच्या दिवशी फटाके फुटले, कुत्रा बाहेर पळाला आणि वरोऱ्याच्या रस्त्यावर गाडीखाली आला. ही हकीकत मी स्वतः कधी कोणाला सांगितली नाही. ती मी फक्त चालू दिली. ती खोडायला आज लिहायला बसलो आहे आणि बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, अंगणात जाऊन येतो. आमची कुत्री भुरी मान वर करून पाहते आणि परत खाली टाकते.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी का उशिरा आली, चूक ड्रायव्हरची की कंडक्टरची, हे ठरवण्यात नोकरी गेली. निवृत्त झालो तरी लोक मला कंट्रोलरच म्हणतात. आमची मुलगी नागपुरात टाकून दिलेल्या जनावरांचं काम करते. गडचिरोलीकडे काही लोक सशांमागे, रानडुकरांमागे सोडायला लांब पायांचे ग्रेहाउंड पाळतात. अशी एक टोळी पकडली गेली, तेव्हा त्यांतले दोघं तिनं आमच्याकडे आणून सोडले. एक पट्टेरी कुत्रा आणि एक भुरी कुत्री. "बाबा, तुम्ही दिवसभर घरीच असता," असं म्हणाली.

गल्लीला आठवडाभर करमणूक झाली.

"कंट्रोलर, कुत्रं आणलं का चितळ?"

"फासळ्या मोजून घ्या जी. पेन्शनीत कुत्र्याले पोटभर देऊन नाई राह्यले वाटते."

मुलीनं सांगितलं होतं की ही जात अशीच दिसते, आणि वाऱ्यासारखी पळत असली तरी उरलेला दिवस झोपून काढते. तसंच झालं. पण आमच्या घरात झोपायलाही त्यांना भीती वाटायची. गुळगुळीत फरशीवर पाय घसरायचे, म्हणून खोलीपासून अंगणापर्यंत आम्ही पोती अंथरली. पायरी म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की भुरी पलंगाखाली आणि पट्टेरी माझ्या पायांत. त्यांच्या अंगावर मांस नाही, हाडं जमिनीला टोचायची, म्हणून मी दोन छोट्या गाद्या करायला टाकल्या. चाचा घरात आले ते तेव्हापासून.

त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. कापूस पिंजायचं यंत्र, पुढे गाद्यांचा ढीग. वयानं माझ्याएवढेच. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ. कुत्र्यांना ते आधी हात लावत नव्हते. "लाळ लागली तं नमाजले कपडे बदलवा लागते, भाऊ," म्हणायचे. मग एक जुना सदरा आमच्या ओसरीवरच्या खुंटीला आणून टांगला. आले की तो चढवायचे आणि मग दोघांना मनसोक्त अंगावर घ्यायचे. आमची ही म्हणायची, "भाईंचा कुत्र्याचा ड्रेस."

मुलीची एक गोष्ट मात्र फार कडक होती. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा बांधला आणि कुत्रा मागे सरला की पट्टा डोक्यावरून निघून येतो. म्हणून त्यांचा पट्टा रुंद असतो आणि ओढ बसली की आपोआप आवळतो. "हा पट्टा न घालता फाटकाबाहेर एक पाऊल नाही, बाबा. फटाके सुरू झाल्यावर तर घालूनही नाही." तिनं आणखीही सांगितलं होतं. चिवड्यातला मनुका खाऊ द्यायचा नाही. पणत्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, कारण शेपटीचा एक फटका आणि पणती पडद्यात. फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणायचं. मग आतली खोली बंद, खिडक्यांना गाद्या आणि डॉक्टरांची गोळी वेळेआधी. मी सगळं ऐकलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळं केलंही. दोघंही थरथरत होती, पण संध्याकाळ निघाली.

चूक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, उजेडात, जेव्हा फटाक्यांची वेळ नव्हती.

त्या दिवशी आमच्याकडे गायगोधन. गाई-बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यातलं जुनं दावं काढून टाकतात आणि नवं बांधतात. मी शेतकऱ्याचा मुलगा. त्या दिवशी जनावराच्या गळ्यात जुनं काही ठेवायचं नाही, हे माझ्या बापानं शिकवलेलं. घरात गाय राहिली नाही त्याला बरीच वर्षं झाली होती. गुराखी पळसाच्या मुळीचे, गोंडे लावलेले दोर विकत फिरत होता, तेव्हा मला हौस आली. एक घेतला. पट्टेरीचा रुंद पट्टा काढला, गोंड्यांचा दोर बांधला, कपाळाला गेरू लावला. तो शांत उभा राहिला. इतका देखणा दिसत होता की तो चौकात गाईंमध्ये नेऊन दाखवावा असं वाटलं. जे लोक चितळ म्हणत होते त्यांना.

थोड्या वेळापूर्वी चाचा येऊन गेले होते. गाद्यांच्या खोळी धुऊन आणल्या होत्या, त्या ओसरीवर ठेवून गेले. मी आत बादली भरत होतो. जाताना त्यांनी फाटक ओढलं आणि कडी टाकली. लोखंडी कडी, तिचा आवाज आत येतो. तो मी ऐकला.

मग मी कुत्र्याला घेऊन ती कडी उघडली आणि बाहेर आलो. गल्ली रिकामी होती, सगळे चौकात. तिकडे कोणीतरी गाईंपुढे फटाक्यांची लड लावली. पट्टेरी मागे सरला. एकदाच. दोर डोक्यावरून इतका सहज निघाला की माझ्या हाताला ओढसुद्धा लागली नाही. पुढच्या क्षणी तो धानाच्या बांधावर होता, आणि त्याच्या पुढच्या क्षणी नव्हता.

मी ओरडत बांधापर्यंत गेलो. मग परत आलो. का आलो, ते आता सांगतो. दोर टाकायला आलो. मुलीला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. दोर मी गोठ्याच्या जुन्या पडवीत, लाकडांमागे सारला. आमची ही चौकातून आली तेव्हा मी फाटकात उभा होतो.

"काय झालं?"

"पट्टेरी गेला. फाटक उघडं होतं."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "आत्ताच गादीवाले भाई येऊन गेले ना?"

मी म्हटलं, "हो."

ते आले होते, हे खरंच होतं. फाटक उघडं होतं, हेही खरं. नोकरीत ड्रायव्हर लोक असंच बोलायचे आणि मी त्यांना पकडायचो.

संध्याकाळच्या आत कुत्रा सापडला, रस्त्याच्या कडेला. उचलून आणायला चाचाच आले, अंगात तोच सदरा घालून. तोपर्यंत गल्लीनं निकाल दिला होता. ते माझ्यासमोर उभे राहिले. "भाऊ, मले तं कडी लावल्यासारखं वाटते. पण आता पक्कं नाई सांगू शकत. हात फाटकाले लावला एवढं याद आहे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या भाई. होते माणसाच्यानं."

मी त्यांना माफ केलं. चार लोकांसमोर. लोक म्हणाले, कंट्रोलरचं मन मोठं. हे लिहून झाल्यावर मी उठलो, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

तेव्हापासून दर दिवाळीला चाचा दुपारीच येतात, सदरा चढवतात आणि आतल्या खोलीत भुरीजवळ जाऊन बसतात. मांडीवर एखादी दुलई घेऊन टाके घालत. तिच्याकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. बाहेर बॉम्ब फुटला तरी सुई थांबत नाही. पहिल्या वर्षी ती पलंगाखालून निघालीच नाही. नंतर निघाली, फिरत राहिली, फिरता फिरता त्यांच्या दुलईवर हनुवटी टेकून पडली. मी जवळ गेलो की उठायची. माझ्या अंगातलं काहीतरी तिला कळत असावं. मी चहा नेऊन ठेवायचो आणि बाहेर यायचो. चाचा म्हणायचे, "एक तं माह्या हातानं गेला. इले तरी पाहू द्या."

आणि तरी मी बोललो नाही. कुत्रीला त्यांचा उपयोग आहे, असं स्वतःला सांगत राहिलो.

इकडे त्यांचं काय होत होतं ते मला दिसत होतं. दुकानाचं शटर लावून घरी निघायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे, कुलूप ओढून पाहायला. मग एकदा नाही, दोनदा. घरचा गॅस, स्कूटरची चावी, नळ. टपरीवर विषयच झाला होता. चाचा दिसले की कोणीतरी म्हणायचंच, "चाचा, कडी लावली का?" ते हसायचे आणि खिसा चाचपायचे. मीही त्या बाकावर बसून हसलो आहे.

यंदा दिवाळीच्या आधी मी दुकानात गेलो, तर गल्ल्यावर त्यांचा मोठा मुलगा. चाचा मागे पोत्यावर बसलेले. मुलगा म्हणाला, "अब्बाकडून चाव्या घेतल्या जी, कंट्रोलर काका. विसरून राह्यले सगळं. नागपूरले डोक्याच्या डॉक्टरकडे नेतो. तुमच्या कुत्र्यापासूनच सुरू झालं पाहा."

चाचा म्हणाले, "खरंच आहे ते. तेव्हाच समजायले पाहिजे होतं."

यंत्र चालू होतं. मी घरी गेलो, परत आलो, परत गेलो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हाही यंत्र चालूच होतं. मुलाला म्हटलं, बंद कर. त्यानं बंद केलं. हवेत कापूस उडत होता, आणि मी बापलेकांसमोर सगळं सांगितलं. दोर, लड, पडवी.

चाचा पोत्यावरून उठले. मग म्हणाले, "म्हणजे कडी मी लावली होती?"

"लावली होती."

"आवाज आला होता?"

"आला होता, भाई. मी आत पाणी भरत होतो."

ते मुलाकडे वळले. "ऐकलं का बे? लावली होती." परत मला विचारलं, "लावली होती ना?" मी परत हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, आणि ते तिथेच असताना खालून राग आला. "मग तुम्ही मले माफी काऊन देली? चूप बसले असते तं एक बात होती. तुम्ही माफी देली, कंट्रोलर. माह्या खांद्यावर हात ठेवून!"

भाऊ म्हटलं नाही. कंट्रोलर म्हटलं.

मी माफी मागितली असेल. शब्द आठवत नाहीत. ते म्हणाले, "मले सांगून काय होते? मले जिथी हसते, तिथी सांगा."

तिथूनच टपरीवर गेलो. माणसं होती. उभ्यानं सांगितलं. मग टपरीवाला म्हणाला, "जाऊ द्या जी, कुत्रंच होतं ना." कोणीतरी सोयाबीनच्या भावाचं काढलं. मला वाटलं होतं बोलणी खावी लागतील. कोणी साधी शिवीही दिली नाही. म्हणून हे लिहिलं. टपरीवरचं बोलणं चहाबरोबर संपतं.

घरी आमच्या हिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता पोरीला फोन करा. मी नाही करणार." केला. मुलगी ऐकून घेऊन म्हणाली, "भुरीची गोळी आणली का?" आणि फोन ठेवला.

लक्ष्मीपूजनाला चाचा आले नाहीत. दुपारपासून भुरी दाराकडे तोंड करून उभी. मी खिडक्यांना गाद्या लावल्या, गोळी दिली, खोलीत खाली बसलो. टाके घालता येत नाहीत, म्हणून तांदूळ निवडायला घेतले. तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळायची. पहिली लड फुटली तशी ती गोल फिरू लागली. दार, पलंग, मी, परत दार. ताटात हात थांबला की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी हात चालू ठेवला. तांदळात खडा नव्हता, तरी निवडत राहिलो. फटाके ओसरले तेव्हा ती पलंगाखाली गेली होती. बाहेर नाक तेवढं होतं.

भाऊबीज झाल्यावर टपरीवरून पाहिलं, तर दुकानाचं शटर चाचा ओढत होते. मुलगा जवळ नव्हता. कुलूप लावलं, चावी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि निघाले. टपरीवर कोणी काही बोललं नाही. ते विजेच्या खांबापर्यंत आले आणि थांबले. मी बाकावरून उठलो. इथून ओरडून सांगावंसं वाटलं, लागलंय भाई, मी पाहिलं. पण माझ्या सांगण्यावर ते किती वर्षं चालले होते!

ते वळले. परत गेले, कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं. पुन्हा एकदा ओढलं.