हरकतबाई

बाईंच्या तोंडून "हरकत नाही" हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. रिक्षावाल्याने एक चौक आधीच उतरवलं, हरकत नाही. बाईंना हरकत असायची. एकदा त्यांच्याकडे मी चहा केला आणि विचारलं, "बाई, साखर जरा जास्त पडलीय, चालेल ना?" तर म्हणाल्या, "चालणार नाही. हरकत आहे. पण तू केलायस म्हणून पिते. आधी हरकत नोंदवायची, मग प्यायचं, कळलं?" आणि खरंच अख्खा कप प्यायल्या.

त्या आमच्या पालिकेच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. ठेंगण्या, काटक, साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. पाचवीपासून दहावीपर्यंत त्यांनी मला खो-खो शिकवला. "खो मिळाला की उठायचं. कुणी दिला, का दिला, तो विचार पळता पळता करायचा," असं त्या सांगायच्या. खो मिळूनही एखादी घुटमळत बसून राहिली की शिट्टी वाजायची, आणि तिला त्या दंडाला धरून मैदानाबाहेर काढायच्या. मारलं कधीच नाही. पण बाहेर उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं मारापेक्षा वाईट होतं.

बाईंचे वडील मराठवाड्यातून इथं कंपनीत पत्रा कापायला आले होते. आयुष्यभर त्यांनी पगाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि मुलीला मात्र हट्टाने शिकवलं. बाई म्हणायच्या, "अंगठा उठवणाऱ्या माणसाला हरकत घेता येत नाही गं. कागदावर काय लिहिलंय हेच त्याला ठाऊक नसतं. आपल्याला वाचता येतं, मग गप्प बसायचं कारण काय?" निवृत्त झाल्यावर त्या रोज सकाळी बुद्धविहाराच्या वाचनालयात जाऊन पेपर वाचायला लागल्या. अग्रलेख नाही, सिनेमा नाही. आतल्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरात पालिकेच्या जाहीर सूचना असतात, तेवढ्याच. अमुक जागेचं आरक्षण बदलत आहोत, तमुक रस्त्याची रुंदी कमी करत आहोत, नागरिकांनी महिन्याभरात हरकती व सूचना पाठवाव्यात. कुणीही पाठवत नाही. पाठवू नये म्हणूनच ती अक्षरं तेवढी असतात. बाई पाठवायच्या. बांधकाम परवानगी विभागातल्या शिपायाने त्यांना 'हरकतबाई' नाव ठेवलं ते तेव्हाच.

हे सगळं मला आतून ठाऊक आहे, कारण मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. या धंद्याची मला शिसारी येते. येते म्हणून मी कुणी मोठी चांगली आहे असं नाही, पोट त्याच्यावरच भरते. परवानगीचे अर्ज हल्ली ऑनलाइन असतात. म्हणजे कॉम्प्युटरवर बटण दाबायचं आणि मग फाइल बगलेत मारून तिथं जाऊन उभं राहायचंच. साहेब जागेवर नसतात, ते 'साइटवर' असतात. साइटवर जावं तर 'आत्ताच ऑफिसला निघाले'. साध्या माणसाच्या नकाशात एक त्रुटी काढतात, ती दुरुस्त केली की दुसरी. वजनदार माणसाची फाइल आली की त्याच डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नाही. कंपनीतल्या कामगाराने दीड गुंठ्यात वर एक खोली चढवली की दारावर नोटीस चिकटते. शेजारी अख्खं पार्किंग गिळून दुकानांची रांग उभी राहते, तिला पूर्णत्वाचा दाखला! आणि त्या नकाशावर 'पार्किंग' असं सुबक अक्षरात लिहिणारी मीच.

बाईंकडे शाळेतली लांब उडीची जुनी टेप होती. ती घेऊन त्या गावभर हिंडायच्या. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अगं, वाकडच्या त्या तुमच्या बिल्डिंगला बाजूची मोकळी जागा नकाशात किती दाखवलीस?"

"साडेचार मीटर, बाई."

"मी इथं उभी आहे. तीनच भरतेय. दीड मीटर पळवला कुणी?"

"बाई, टेपचं दुसरं टोक कुणी धरलंय?"

"वॉचमनने. भला माणूस आहे. बूट काढून उभा राहिलाय बिचारा, मैदान आहे म्हणाले ना मी त्याला."

मी हसू दाबत फोन ठेवला. संध्याकाळी आमच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या बाईला काही कामधंदा नाही का?" दीड मीटर तसाच राहिला.

अर्ज दिला की त्याची पोच घेतल्याशिवाय बाई खिडकीपासून हलत नसत. क्लार्क एकदा वैतागून म्हणाला, "बाई, शिक्का घावत न्हाई. उद्या या."

"हरकत आहे," बाई म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर डबा उघडून बसल्या. मेथीची भाजी आणि भाकरी. दुसरा घास घेईपर्यंत शिक्का सापडला. शिक्का मारता मारता तो पुटपुटला, "ह्या बाईला काय पोचच न्हाई राव."

बाईंचे कान तिखट. "माझ्याकडं फाइलभर पोच आहे बाळा," त्या म्हणाल्या. "तुझं काय ते बघ." खिडकीमागचे सगळे हसले. तोही हसला, आणि पुढच्या वेळी त्याने त्यांना उभं न ठेवता शिक्का मारला.

त्या विभागात मी बाईंच्या शेजारी कितीदा तरी उभी राहिलेय, त्या त्यांच्या अर्जासाठी आणि मी ऑफिसच्या फाइलसाठी. एकदा त्या सगळीकडे बघत म्हणाल्या, "खो-खोसारखंच आहे बघ. हे सगळे रांगेत बसलेत, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. कागद ह्याच्याकडून त्याच्याकडं जातो. पण उठत कुणीच नाही. पळायला फक्त आपण." मला हसता हसता ठसका लागला. तेव्हा ते नुसतं हसण्यावारी गेलं.

मग एक दिवस जी सूचना आली, ती आमच्याच मैदानाची होती.

शाळेच्या मागची ती जागा विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव होती. पालिकेने वर्षानुवर्षं ती ताब्यात घेतली नाही, मालकानेही कुंपण घातलं नाही, म्हणून ती मुलांची राहिली. दर रविवारी सकाळी बाई पांढऱ्या फक्कीने तिथं रेषा आखायच्या, निवृत्त झाल्यावरही. दोन लाकडी खांब त्यांनी स्वतः उभे राहून रोवून घेतले होते. आता मालकाने ती जागा एका बिल्डरला दिली होती, आणि आरक्षण बदलून तिथं खाली दुकानं, वर फ्लॅट होणार होते. क्रीडांगण जाणार नव्हतं बरं का! ते पार्किंगच्या छतावर दाखवलं होतं, फरशीचं. ते काम आमच्या ऑफिसला आलं आणि सरांनी माझ्या टेबलावर टाकलं.

नकाशासोबत जागेची सध्याची स्थिती दाखवावी लागते. मी जाऊन पाहणी करायला हवी होती. कशाला जाऊ? माझे दोन्ही गुडघे त्याच मातीत फुटलेत, डोळे मिटून मी ते मैदान काढू शकते. सर मागून म्हणाले, "पडीक लिही. वापरात नाही असं दिसलं की फाइल सरळ जाते." मी लिहिलं, 'मोकळी पडीक जागा'. चार सेकंदही लागले नसतील.

बाईंनी माहितीच्या अधिकारात नकाशा मागवला. कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतं. त्या माझ्या घरी आल्या तेव्हा मला वाटलं ओरडतील. त्यांनी नकाशा पलंगावर पसरला आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुझं अक्षर नाही, कॉम्प्युटरचं आहे. पण शब्द तुझा आहे का?"

"हो, बाई."

"पडीक?"

मी मान खाली घातली. "सरांनी सांगितलं. नोकरी आहे बाई, घराचे हप्ते आहेत. आणि फरशीचं का होईना, मैदान देतायत ते. नियमात बसतं."

"बसतं. तुमच्याकडं सगळं बसतंच," त्या म्हणाल्या. "फरशीवर पडलेल्या पोरीचा गुडघा फुटत नाही, वाटीच सरकते. हे ऐक. तो एक शब्द खोड. सुनावणीला ये आणि सांग की इथं मुलं खेळतात, मी स्वतः खेळलेय. माझी हरकत ते कचऱ्यात टाकतील, मी म्हातारी आहे, वेडी आहे. नकाशा काढणारीच म्हणाली तर टाकता येणार नाही."

"बघते, बाई," मी म्हणाले. 'बघते' म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंना कळलं नसेल?

सुनावणीची तारीख लागली. बाई दोन बस बदलून गेल्या. साहेब साइटवर. दुसरी तारीख लागली, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या तारखेला फाइल सापडेना. चौथ्या वेळी तर चार तास बसवून 'पुढची तारीख कळवू' म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत पालक होते दहा-बारा. पण चाकणची शिफ्ट किती वेळा बुडवणार माणूस? चौथ्या तारखेला बाई एकट्या होत्या. हे असंच करतात. लोकांना नाही म्हणत नाहीत, नुसतं बसवून ठेवतात. बसून बसून माणूस सुकतो, आणि फाइल मात्र पिकते. थू!

त्यानंतर आठवड्याभरात बाईंना अर्धांगाचा झटका आला. मी हॉस्पिटलात गेले. तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते. "तारीख?" त्यांनी विचारलं. लागली नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. पाणी द्यायला मी टेबलाकडं वळले, तेवढ्यात पाठीवर हात पडला. डावा, चालता हात. मागून त्या अस्पष्ट म्हणाल्या, "खो."

मी वळून बघितलं तर त्या हसत होत्या, अर्ध्या तोंडाने. "येते मी सुनावणीला, बाई. सांगते," मी म्हणाले. या वेळी मला ते मनापासून म्हणायचं होतं. शपथ.

बाई तिसऱ्या दिवशी गेल्या. आणि काय सांगू, त्या गेल्यावर सुनावणीची तारीख लगेच लागली! त्या दिवशी साहेब जागेवर होते, फाइल सापडलेली होती, पंखासुद्धा चालू होता. आमचे सर आणि बिल्डर पुढच्या खुर्च्यांवर बसले, नकाशाची गुंडाळी घेऊन मी मागे.

"हरकतदार?" साहेबांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "साहेब, त्या वारल्या."

"अरेरे," साहेब म्हणाले. त्यांनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं, आणि क्लार्ककडं वळून म्हणाले, "मग हरकत नाही. पुढचं घ्या."

ज्या शब्दांना बाईंनी जन्मभर घरात शिरू दिलं नाही, ते त्यांच्या नावापुढं साहेबाने दोन सेकंदात लिहिले. माझ्या पाठीवर तो हात मला स्पष्ट कळत होता. उठायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ती जागा पडीक नाही. खोली एवढीशी होती, मी नुसती उभी राहिले असते तरी सगळ्यांनी वळून बघितलं असतं.

मी बसून राहिले. नकाशा मांडीवर होता. पुढची फाइल उघडली गेली, पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. शिट्टी वाजली नाही, आणि मला दंडाला धरून बाहेर काढायलाही कुणी आलं नाही.