गोधडीची चौथी बाजू

१९८४, माघातला एक रविवार, संध्याकाळ. हजर: आई, थोरली बहीण, वहिनी आणि मी. धाकटी बहीण खाटेवर. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता, म्हणून तिला कामातून सूट. भाऊ एका लग्नाला गेला होता.

खोलीच्या मधोमध सतरंजीवर गोधडी पसरली होती. वर-खाली आईची दोन जुनी लुगडी, दोन्ही वडिलांनी मागावर विणलेली, आणि मध्ये भावाचं झिजलेलं धोतर. बाळ-बाळंतिणीची म्हणून चांगली ऐसपैस. गोधडी चारही कडांपासून टाक्यांनी भरत आत जायची असते, तेव्हा चौघी चार बाजूंना बसणार. अडचण एकच होती. टीव्हीवर गाण्याची मैफल लागणार होती आणि चौथ्या बाजूला बसणारीची टीव्हीकडे पाठ होणार होती. आळीपाळीनं बसू, असं मी ठरवलं. आईनं ते मोडून काढलं.

"मी बसते तिकडं. गाणं काय डोळ्यानं आयकाचं असते?"

आईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधानं टिकवू, असं डॉक्टरांनी दिवाळीआधी सांगितलं होतं. किती गेली आणि किती राहिली, हे आई आम्हाला कळू देत नव्हती. तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती. आम्हा दोघींच्या पहिल्या बाळांना तिनं स्वतः गोधडी शिवून दिली होती, तशी धाकटीच्या बाळालाही तिच्या हातची मिळाली पाहिजे. सगळी नाही तर निदान एक बाजू.

मैफल चालू असताना कोणाला उठावं लागू नये म्हणून मी बारा सुया आधीच ओवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला तीन, छोट्या उशीत टोचून, प्रत्येकीच्या डाव्या गुडघ्याशी.

गाणारी बाई सावकाश सूर लावत होती. वहिनी वाकून थोरलीची कड पाहू लागली.

"ताई, तुमच्या टाक्यातून बैलगाडी जाईल."

"जाऊ दे. बाळ काय टाके मोजाले येऊन राहिलं?"

खाटेवरून धाकटी हसली. "माझं बाळ मोजीन. आजीवर जाईन ते."

आईही हसली, पण मान वर न करता.

तबला जोरात आला तेव्हा मी सहज समोर पाहिलं. आईचा हात चालू होता. सुई खाली जात होती, वर येत होती. डाव्या अंगठ्यानं ती बोटभर अंतर मोजत होती आणि तिथंच सुई घालत होती. सुईमागे दोरा नव्हता.

मला वाटलं, तिला कळलंच नसेल. मी माझी ओवलेली सुई घेऊन तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हटलं, "दोरा संपला वं आई."

"मले माहीत आहे. कवाचाच संपला."

"मंग सांगाचं नाही का?"

"तुह्यी उशी सापडली नाही मले. चाचपत बसली असती तं तिनं पाह्यलं असतं." तिनं हनुवटीनं खाटेकडे दाखवलं.

दोन ओवलेल्या सुया तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होत्या. मीच ठेवलेल्या.

थोरलीनं आमच्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी करायला उठली. "राहू दे, मोठा राहू दे," आई म्हणाली. मग मला, अगदी खालच्या आवाजात, "ओळी मारून ठेवल्या आहे. त्याच भोकातून तू दोरा घालजो. हिले सांगू नको. माह्या हातचीच आहे म्हणजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कड खिडकीच्या उजेडाकडे धरली. पहिली ओळ अर्धी दोऱ्याची, पुढं भोकं. तिच्याखाली भोकांच्या आणखी दोन ओळी, कडेपासून कडेपर्यंत, सरळ. आम्हा तिघींची एकही ओळ इतकी सरळ नव्हती. कापड सरकू नये म्हणून मी तिथं लांब लांब कच्चे टाके घातले. रविवारी निवांत भरू, असं ठरवलं.

रविवारच्या आत धाकटी बाळंत झाली, महिनाभर आधीच. गोधडी लगेच लागली. तान्ह्या बाळाची गोधडी रोज धुतली जाते. जुनं मऊ सूत ते. चार धुण्यांत भोकं मिटली.

बाराव्या दिवशी आईनं विचारलं, "भरली का वं?"

"भरली," मी म्हटलं.

गोधडी तिच्या मांडीवरच होती, बाळासकट. तिनं कडेवरून बोट फिरवून पाहिलं नाही. पुन्हा कधी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी तिला बाळाचा चेहराही दिसेनासा झाला. चार वर्षांनी ती गेली.

गोधडी धाकटीकडे आहे, कन्हानला. तीन बाजू नीट आहेत. चौथीवर माझे कच्चे टाके आहेत, त्यातले निम्मे निघाले आहेत. धाकटी दोनदा गोधडी घेऊन माझ्याकडे आली. "काहून वं, ही बाजू अशी काहून?" तिनं विचारलं. एकदा मी चहा टाकायला उठले, एकदा पाहुणे आले. दोन्ही वेळा ती गोधडी तशीच परत घेऊन गेली.

पांढरा दोरा आणून ठेवला आहे. ती बाजू भरायची आहे, आणि धाकटीला सांगायचं आहे.