त्यांच्या टाचा

माझे यजमान निवृत्त झाले, आम्ही किहीमच्या वाडीत राहायला आलो आणि त्यांनी गोल्फ मनावर घेतला. दोन माडांच्या मध्ये मासेमारीचं जुनं जाळं बांधलं, समोर हिरवी चटई टाकली. रोज सकाळी ते चेंडू मारायचे आणि मी मोबाइलवर व्हिडिओ काढायचे.

त्याआधी चार दिवस ते नवी मुंबईत गोल्फच्या एका शिक्षकाकडे गेले होते. मी बाजूला बसून ऐकलं होतं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे जरा सैल, वाकायचं ते खुब्यातून, पाठ सरळ, वजन तळव्यांच्या मध्यावर. शिक्षक असं समजावत होता तेव्हा यजमान त्याला आपल्या कंपनीच्या गोष्टी सांगत होते.

वाडीत पहिल्याच सकाळी मला चूक दिसली. हे पोक काढून उभे राहत, सगळा भार चवड्यांवर. काठी फिरवली की टाचा उचलत, अंग वर येई आणि चेंडूला वरच्या वर टोला बसून तो सरपटत जाई. जाळं पाच पावलांवर होतं. सरपटणारा चेंडूही त्यातच अडकायचा.

"बरोबर आहे ना?" ते विचारत.

"बरोबर आहे," मी म्हणे.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी कशी उभी राहते, कशी चालते, कशी हसते, हे त्यांनी मला चारचौघांतच सांगितलं. भाचीच्या लग्नात फोटो काढताना म्हणाले होते, "पोतं ठेवल्यासारखी उभी राहू नकोस." सगळे हसले. मीही हसले. त्यामुळे पाच महिने गप्प राहणं मला मुळीच जड गेलं नाही.

मग जुन्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळ खेळायला बोलावलं. सातआठ जण मागे उभे होते. यांचा पहिला चेंडू दहा पावलं गेला. दुसऱ्यांदा काठी नुसतीच हवेत फिरली. एकेकाळी यांच्या हाताखाली असलेला एक जण म्हणाला, "साहेब, झाडू मारताय का?" हशा झाला. यांनी वळून मला शोधलं. मी व्हिडिओ काढत होते.

परतताना पेण मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुला दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

वडखळला त्यांनी गाडी वळवली. मग म्हणाले, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बरोबर आहे का एवढंच विचारत होता."

दुसऱ्या दिवशी ते चटईवर उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "सांग."

मी चप्पल काढली आणि पायाने त्यांची टाच खाली दाबली. नवऱ्याला पाय लागला तर नमस्कार करायची आमच्या घरातली रीत. मी केला नाही.

"भार मागे. अजून. पाठ ताठ."

चौथा की पाचवा चेंडू खणकन लागला, जाळं वरपर्यंत फुगलं. ते वळले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"जमलं ना?"

"एकदा लागला म्हणजे जमलं नाही," मी म्हणाले. "परत वाका. मी सांगेपर्यंत हलू नका."

ते वाकले. मांड्या थरथरायला लागल्या तरी मी काही बोलले नाही.