टेबलावर ठेवलेला तळहात

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासासरशी मला तो शुक्रवार आठवतो. शुक्रवारी भिवंडीतले कापड विणणारे लूम बंद, त्यामुळे आमच्या घराखालचा कारखानाही गप्प होता. त्या शांततेत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी हेडफोन लावून टेबलावरच्या कीबोर्डवर जॅझची साथ शिकत बसले होते. उजव्या हाताने मधूनमधून कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, द्यायचे आणि डाव्याने खालच्या सुरांचा बेस चालवायचा, एका लयीत पावलं टाकावीत तसा. पण माझा बेस चालत नव्हता, ठेचकाळत होता, आणि का ते कळत नव्हतं. आज जमलं नाही तर कीबोर्ड विकून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात कारखान्याचे म्हातारे मिस्त्री आमच्याकडे ठेवलेली किल्ली न्यायला आले. आई किल्ली शोधेपर्यंत ते माझ्यापाशी उभे राहिले, आणि बिघडलेल्या लूमवर ठेवायचे तसा आपला तेलकट तळहात टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून त्यांनी डोळे मिटले. मी हेडफोन काढला तर म्हणाले, "पोरी, तीन ठोके बराबर पडतात. चौथ्याला जल्दी हाय." मी चौथा ठोका जरा थांबून दिला, आणि बेस चालू लागला. त्यांना एकही सूर ऐकू गेला नव्हता. माझ्या बोटांचा हादरा तेवढा लाकडातून त्यांच्या हाताला लागला होता. आजही नवा बेस बसवताना मी आधी कीबोर्ड बंद ठेवूनच वाजवते, आणि चौथ्या ठोक्याला टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे बघते.