झोपाळेवाल्याची दोरी

“पोरगी बोलत नाय, पन हात बघा केवढा गुणी हाय तिचा,” शेजारच्या मोरेकाकू टेंपोवाल्याला सांगत होत्या. बाबांची घडीची खुर्ची त्यांच्या हातात होती. टेंपोवाल्याला ती भंगार वाटली होती आणि काकू त्याला नवी वीण बोटाने दाखवत होत्या. मी मांडीवर देवांची पिशवी घेऊन केबिनमध्ये बसले होते. काकूंचं बोलणं ऐकून मी उजव्या हाताचं एक बोट तळहातात मिटून घेतलं.

भिवपुरीच्या क्वार्टर्समधला तो आमचा शेवटचा दिवस. बाबा पॉवर हाउसमधून रिटायर झाले होते आणि आम्ही शेलूच्या फ्लॅटमध्ये निघालो होतो. क्वार्टर्समधले तुम्ही बरेच जण फाटकाशी उभे होतात. नंतर तुम्हीही एकेक करून निघालात. कोणी पनवेलला गेलं, कोणी दुबईला, मी बंगळुरूला. त्या दिवशी मी रडले नाही याचं तुम्हाला नवल वाटलं होतं, असं आई पुढे सांगायची. मी घाबरले होते. कशाला, ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती खुर्ची तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ॲल्युमिनियमच्या पाइपची, हातांवरचा रंग उडालेली. ड्यूटीवरून आले की बाबा ती अंगणात उघडायचे आणि डोंगराकडे तोंड करून बसायचे. आईने फार पूर्वी विणलेली मॅक्रमची दोरी उन्हाने पार भुगा झाली होती. रिटायरमेंटची भेट म्हणून ती नव्याने विणायचं मी ठरवलं. कुंभिवलीजवळ हायवेला एक काका झाडाला झोपाळे टांगून विकायचे. दोरीही द्यायचे. त्यांच्याकडून आईने आणि मी पोपटी, राणी आणि रामा रंगाची दोरी आणली.

विणायचं कसं ते आईने दाखवलं. खुर्ची पूर्ण उघडून विणायची, नाहीतर ताण बसून ती पुढे उघडतच नाही. आणि प्रत्येक गाठीचं टोक मेणबत्तीवर धरायचं, वितळलं की चमच्याच्या पाठीने दाबून टाकायचं. ही दोरी गुळगुळीत असते. टोक जाळलं नाही, तर गाठ कितीही आवळा, वजनाने ती हळूहळू सरकते.

तिसऱ्या टोकाला वितळलेला थेंब माझ्या बोटावर पडला आणि तिथेच चिकटला. ओढून काढला तर कातडीही निघाली. घरी कोणी नव्हतं. मी नळाखाली बोट धरून बराच वेळ उभी राहिले. परत आले तेव्हा मेणबत्ती तशीच जळत होती आणि माझा हात काही केल्या तिच्याजवळ जाईना. मग उरलेल्या गाठी मी दुहेरी मारल्या आणि टोकं विणीच्या आत खुपसली. वरून काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी आईने विचारलं, “टोकं जाळलीस ना गं सगळी?” मी मान हलवली.

क्वार्टर्समध्ये ती खुर्ची टिकली. बाबा बसायला वाकले की माझा श्वास अडकायचा, ते बसले की सुटायचा. शेलूला आल्यावर खुर्ची गॅलरीत गेली. समोर डोंगराऐवजी दुसऱ्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरी होत्या, तरी बाबा तिथेच बसायचे. महिनाभर काही झालं नाही. भीती थोडी कमी व्हायला लागली होती.

मग एका सकाळी गॅलरीतून आवाज आला. मोठा नव्हता. गादी पडल्यासारखा. मी गेले तेव्हा बाबा पाइपांच्या मधोमध अडकले होते, पाय वर, चहा अंगावर, आणि कसनुसे हसत होते. मनगट मोडलं होतं, माकडहाडाला मार बसला होता. “मीच जाड झालो, खुर्ची बिचारी काय करनार,” रिक्षात बसताना ते म्हणाले. आई त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. मी घरी थांबले आणि कात्रीने सगळी वीण कापून काढली. सुटलेली टोकं कचऱ्यात खोल घातली. मधला एक तुकडा तेवढा ठेवला. आईने दोरी मागितली तेव्हा तिच्या हातात तोच दिला.

पुढच्या आठवड्यात आई मला घेऊन कुंभिवलीला गेली. गिऱ्हाइकांसमोर तिने झोपाळेवाल्या काकांना सुनावलं, सडकी दोरी विकता, माणूस मेलं असतं. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, उलटापालटा केला. मग हळूच विचारलं, “टोकं जाळली व्हती ना?”

“माझ्या पोरीनं एकूनएक टोक जाळलंय,” आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी झोपाळ्यांकडे पाहिलं. त्यांचा उतरलेला चेहरा मला आजही दिसतो. “माझी दोरी असं करत नाय, ताई,” ते म्हणाले, “पन तुमचं मानूस पडलं. ही घ्या.” आणि त्यांनी नव्या दोरीची गुंडाळी आईच्या पिशवीत टाकली. झोपाळ्याचा भाव करणारी एक बाई हातातला झोपाळा ठेवून निघून गेली. आईने पुढे तुम्हा सगळ्यांनाही सांगितलं, आणि मोरेकाकूंनी नातवासाठी ठरवलेला झोपाळा तिथून घेतला नाही.

त्याच वर्षी मला बंगळुरूला नोकरी लागली. बाबा पाहुण्यांना गमतीने सांगायचे, ही इंग्लिशमधी शिकली, आमच्याशी बोलायला हिच्याकडं शब्दच नायत. इथे पीजीत, ऑफिसात मी बोलते, कॉलवर प्रेझेंटेशनही देते. पण कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी मी ती हाताने दाबून बघते. मुली हसतात. घरून अवेळी फोन आला की सगळ्यात आधी बाबा कसे आहेत तेच विचारते. तुम्हाला घर आठवतं तेव्हा अंगण आठवत असेल, डोंगरावरून पॉवर हाउसला येणाऱ्या मोठ्या पाइपांवरून उतरणारं धुकं आठवत असेल. मला बाबांचं बसणं आठवतं. दोन्ही हात टेकून, मागे वळून बघत, टप्प्याटप्प्याने. पडल्यापासून ते तसेच बसतात, सोफ्याच्या अगदी कडेवर. घर म्हणजे आता मला तेच, कुठेही असले तरी जिथे कोणीतरी बसताना मी श्वास धरून असते.

या सुट्टीत शेलूला आले तेव्हा माळ्यावरून खुर्चीचा सांगाडा काढला. शेजारी झोपाळेवाल्या काकांनी दिलेली गुंडाळी होती, प्लास्टिकही न फाडलेली. दोन दिवस मी गॅलरीत बसून विणलं. मेणबत्ती मी मागितली नव्हती, आईने आणून ठेवली, सोबत चमचा. पहिलं टोक धरताना मी हात इतक्या झटक्यात मागे घेतला की ज्योत विझली. आईने परत पेटवली आणि आत गेली. मग मी एकेक टोक जाळलं. काळा धूर, तोच वास. प्रत्येक गाठ दाबून झाल्यावर नखाने ओढून पाहिली. एकही हलली नाही.

संध्याकाळी बाबा गॅलरीच्या दारात आले. खुर्ची उघडी ठेवली होती. एक हात भिंतीला, दुसरा खुर्चीच्या दांडीवर, आणि ते तिथेच थांबले. त्यांनी रंगांचं कौतुक केलं, दोरी बोटाने चाचपली, पण बसेनात. त्यांच्या मनगटाला अजून बाक आहे. आई मागून म्हणाली, “ह्या वेळची दोरी तरी धड असू दे. त्या झोपाळेवाल्याचा काय भरवसा नाय.”

आता गप्प राहिले असते तर बाबा बसले असते, आणि खुर्चीने त्यांना नीट पेलून धरलं असतं. सगळं मिटलं असतं. मी खुर्चीची दुसरी दांडी घट्ट धरली.

“आई, त्यांची दोरी तेव्हाही धडच होती. टोकं मी जाळली नव्हती. बाबा माझ्यामुळे पडले.”